७७ व्या वर्षी आर-चॉप: बाबांना काय त्रास होईल, हे आधी सांगता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ७७ वर्षांचे, गावी एकटे राहतात. मानेतल्या गाठीची बायोप्सी झाली आणि डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला. डॉक्टरांनी आर-चॉपच्या सहा सायकल, म्हणजे सहा फेऱ्या, सांगितल्या आहेत. (‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब; ‘चॉप’ म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, विनक्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड.) काका आणि आत्या म्हणतात, ‘या वयात केमो म्हणजे हाल, राहू दे.’ म्हणून तुम्ही विचारताय, बाबांना नेमके कोणते साइड इफेक्ट होतील हे आधी कळणारी एखादी टेस्ट आहे का? सोबत रिपोर्ट दिलेत: वजन दोन महिन्यांत ५४ वरून ४७ किलो, हिमोग्लोबिन १०.४, क्रिएटिनिन १.३ ‘म्हणजे नॉर्मल’, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) ३.१, टूडी इको चांगला. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं: ‘जूनमध्ये बाथरूममध्ये घसरून पडले होते, पण काही लागलं नाही. ऐकायला जरा कमी येतं. बाकी तब्येत चांगली.’

मी गेली २२ वर्षं रक्ताच्या आणि लिम्फोमाच्या कॅन्सरवर उपचार करते आहे. तुमच्या प्रश्नातली माझ्या सगळ्यात कामाची ओळ ती शेवटचीच आहे. का, ते सांगते.

आधी सरळ उत्तर. एका रक्ताच्या नळीतून ‘यांना झेपेल, यांना झेपणार नाही’ असं सांगणारी टेस्ट नाही. पण त्रासाचा अंदाज बांधता येतो आणि तो बऱ्यापैकी बरोबर येतो. फक्त तो वयावरून येत नाही. तो येतो माणूस घरात कसा वावरतो त्यावरून, दोन-चार साध्या रिपोर्टवरून, आणि गोळ्यांच्या पिशवीवरून. शिवाय अंदाज बांधायचा तो केमो द्यायची की नाही हे ठरवायला म्हणून नाही. तो बांधायचा कोणता त्रास, कितव्या दिवशी, आणि त्याच्या आधी आपण काय करून ठेवायचं, हे ठरवायला. काका-आत्या पहिला प्रश्न विचारताहेत. तुम्ही दुसरा विचारायला हवा.

वयाचं आधी मिटवून टाकू. रिटुक्सिमॅब चॉपमध्ये घातल्याने फायदा होतो हे ज्या फ्रेंच अभ्यासाने दाखवलं, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३९९ रुग्ण होते आणि सगळे ६० ते ८० या वयातले. दोन वर्षांनी नुसत्या चॉपवाले ५७ टक्के हयात होते, आर-चॉपवाले ७०. म्हणजे हे औषध तरुणांवर तपासून म्हाताऱ्यांवर लादलेलं नाही. तुमच्या वडिलांच्या वयाच्या माणसांवरच ते सिद्ध झालं. मात्र हेही खरं, की अशा अभ्यासांत निवडून घेतलेली माणसं असतात. ज्यांना उठून बसता येत नाही ती तिथे पोचतच नाहीत. आणि ‘राहू दे’ म्हणण्यात एक गृहीत असतं, की केमो नाही दिली तर बाबा आज आहेत तसे राहतील. हा लिम्फोमा तसा राहू देत नाही. तो वेगाने वाढणारा आहे, उपचाराविना गोष्ट काही महिन्यांची असते. पण उपचाराने तो पूर्ण बरा होऊ शकतो, हेही त्याचंच वैशिष्ट्य. केमोचे हाल तोलायचे असतील तर दुसऱ्या पारड्यात लिम्फोमाचे हाल टाकून तोला.

आता अंदाजाकडे. २०११ साली अमेरिकेतल्या डॉ. आरती हुरिया यांच्या गटाने ६५ च्या पुढच्या ५०० रुग्णांवर एक काम केलं. केमो सुरू होण्याआधी त्यांना घरगुती वाटावेत असे प्रश्न विचारले आणि नंतर कुणाला गंभीर त्रास झाला ते पाहिलं. निम्म्याहून जास्त, ५३ टक्के लोकांना झाला. कुणाला होईल हे ठरवणाऱ्या ११ गोष्टी त्यातून निघाल्या. काही अपेक्षित होत्या: ७२ च्या पुढचं वय, पूर्ण डोस, एकाहून जास्त केमोची औषधं, कमी हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाची कमी झालेली ताकद. पण बाकीच्या अशा होत्या: गेल्या सहा महिन्यांत पडलात का? ऐकू नीट येतं का? थोडं अंतर चालायला त्रास होतो का? गोळ्या घ्यायला कुणाची मदत लागते का? आजारपणामुळे लोकांकडे जाणं-येणं कमी झालंय का? यालाच कार्ग स्कोअर म्हणतात. आम्ही डॉक्टर खुर्चीत बसून नजरेने जो ‘परफॉर्मन्स स्टेटस’, म्हणजे रुग्ण किती हिंडता-फिरता आहे, ते लिहितो, त्यावरून या अभ्यासात त्रासाचा अंदाज आला नाही. या प्रश्नांवरून आला. सगळ्यात कमी गुणांच्या गटात ३० टक्क्यांना गंभीर त्रास झाला, सगळ्यात जास्त गुणांच्या गटात ८३ टक्क्यांना.

तुमच्या बाबांचे गुण मी मांडून पाहिले. वयाचे २, पूर्ण डोसचे २, अनेक औषधांचे २, हिमोग्लोबिन पुरुषात ११ च्या खाली म्हणून ३, पडल्याचे ३, ऐकण्याचे २. झाले १४. मूत्रपिंडाचे ३ अजून धरायचेत, त्यावर लगेच येते. १० किंवा त्याहून जास्त झाले की वरचा गट. म्हणजे तुम्ही ‘बाकी तब्येत चांगली’ लिहिलेले बाबा या मोजपट्टीवर सगळ्यात वरच्या गटात बसतात.

हे वाचून घाबरू नका, कारण इथे एक मोठं ‘पण’ आहे. तो अभ्यास फुप्फुस, आतडी, स्तन अशा अवयवांच्या कॅन्सरचा होता, लिम्फोमाचा नव्हता. लिम्फोमात पूर्ण डोस आणि अनेक औषधं हे तर जवळजवळ सगळ्यांनाच लागू असतं. म्हणून मी त्यातले प्रश्न वापरते, टक्केवारी रुग्णाच्या हातात देत नाही. लिम्फोमासाठी इटलीतल्या गटाने वेगळी पद्धत वापरली: रोजची कामं, बाहेरची कामं आणि इतर आजार पाहून रुग्णाला तीन गटांत घालायचं, धडधाकट, मधला आणि नाजूक. ६५ च्या पुढच्या हजाराहून जास्त रुग्णांवरचे त्यांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ७५ टक्के हयात होते, मधल्यातले ५८, नाजूक गटातले ४३. आजार एकच. आणि नाजूक गटातलेही ४३ टक्के आहेत, हे काकांना जरूर सांगा.

क्रिएटिनिनचं गणित मात्र तुमच्यासमोरच करते. १.३ हा आकडा लॅबच्या कागदावर नॉर्मलच्या रकान्यात बसतो. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. ज्याच्या अंगावर मांसच राहिलं नाही, त्याचं क्रिएटिनिन मूत्रपिंड थकलेलं असूनही चांगलं दिसतं. म्हणून वय आणि वजन धरून हिशेब करायचा: १४० मधून वय वजा करा, ६३ आले. त्याला वजनाने गुणा, ६३ गुणिले ४७, म्हणजे २९६१. त्याला ७२ गुणिले १.३, म्हणजे ९३.६ ने भागा. उत्तर साधारण ३२. बाई असती तर अजून ०.८५ ने गुणलं असतं. तरुण माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. कार्गमध्ये ३४ च्या खाली गेलं की ते ३ गुण मिळतात. बाबांचे झाले १७. आर-चॉपचे डोस यामुळे थेट खूप बदलतात असं नाही. पण गाठ वेगाने विरघळताना जो कचरा रक्तात येतो तो बाहेर टाकायला हेच मूत्रपिंड आहे. म्हणून पहिल्या सायकलच्या आधी आणि नंतर पाणी, यूरिक ॲसिडची गोळी आणि रक्ताच्या तपासण्या जास्त काटेकोर ठेवाव्या लागतील. साखरेच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन असेल तर तिचाही डोस विचारून घ्या. आणि दुखण्यासाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी आजपासून बंद.

आता ते पडणं. ‘काही लागलं नाही’ म्हणून घरचे ते सांगत नाहीत, विचारल्याशिवाय तर कधीच नाही. मला मात्र त्यातून पायातली ताकद, तोल, नजर, रात्री उठल्यावर बीपी घसरणं, असं बरंच काही कळतं. आर-चॉपमधलं विनक्रिस्टिन नसांवर काम करतं. बोटांना मुंग्या येतात, तळव्यांखाली कापूस असल्यासारखं वाटतं. त्यातलं प्रेडनिसोलोन मांड्यांचे स्नायू थकवतं. जो आधीच एकदा पडला आहे, त्याच्यात या दोन औषधांनी दुसरं पडणं जवळ येतं, आणि या वयात मोडलेलं खुब्याचं हाड लिम्फोमाइतकंच जीवघेणं ठरू शकतं. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक आजी-आजोबांना मी खुर्चीतून उठायला लावते, तीन मीटर चालून वळून परत येऊन बसायला सांगते आणि घड्याळ लावते. १२ सेकंदांच्या पुढे गेलं की मी सावध होते. त्याच्या जोडीला माझा एक प्रश्न असतो, जो कुठल्या फॉर्मवर नाही: खाली बसायच्या संडासातून हात न टेकता उठता येतं का? आपल्याकडच्या मांड्यांची परीक्षा तिथे रोज होते. बाबांना हे विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर कमोडची खुर्ची आणि भिंतीला दांडा केमोच्या आधी लागला पाहिजे.

ऐकण्याबद्दलही तसंच. मी चार सूचना देते, आजोबा मान डोलावतात. बाहेर गेल्यावर मुलाने विचारलं तर म्हणतात, ‘डॉक्टर चांगल्या आहेत.’ त्यांना शब्दच पोचलेले नसतात. ताप आल्यावर फोन करायचा, हे ज्याला ऐकू गेलेलं नाही तो फोन करत नाही. इतका साधा धागा आहे तो. पहिल्या सायकलआधी कानाच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारा. कित्येकदा नुसता मळ असतो.

आमच्याकडच्या पुरुषांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. परदेशी प्रश्नावलीत विचारतात, स्वयंपाक स्वतः करता का, कपडे स्वतः धुता का? ज्याने आयुष्यात चहासुद्धा केला नाही, तो सगळीकडे ‘नाही’ म्हणतो आणि कागदावर नाजूक ठरतो. म्हणून मी विचारते, आधी करत होता आणि आता सुटलं असं काय? पेन्शन काढायला बँकेत स्वतः जात होते का? एसटीने तालुक्याला? सकाळी देवळापर्यंत? मोबाइलवर नंबर स्वतः लावत होते का? यातलं काय सुटलं आणि कधी सुटलं?

‘कधी सुटलं’ यातला ‘कधी’ सगळ्यात महत्त्वाचा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ७९ वर्षांच्या एक आजी आल्या. पोटात मोठी गाठ, व्हीलचेअर, मान खाली. मुलगा आधीच ठरवून आला होता की केमो नको. मी त्याला विचारलं, ‘पाडव्याला आजी काय करत होत्या?’ तो थांबला, मग म्हणाला, ‘गुढी त्यांनीच उभी केली. पुरणपोळ्याही लाटल्या, वीसेक.’ पाडव्याला जेमतेम नऊ आठवडे झाले होते. वीस पोळ्या लाटणारी बाई नऊ आठवड्यांत म्हातारी होत नाही. तिला आजाराने खाली बसवलं होतं. वयाने आलेली कमजोरी केमोने वाढते, पण लिम्फोमाने आलेली कमजोरी उपचाराने उतरते, आणि दोन्ही व्हीलचेअरमध्ये बसल्यावर सारख्याच दिसतात. त्या आजींना आम्ही आधी फक्त प्रेडनिसोलोन दिलं, १०० मिलिग्रॅम रोज, सात दिवस. आठव्या दिवशी त्या डे-केअरच्या दारातून सुनेचा हात धरून चालत आल्या. मग पुन्हा मोजमाप केलं आणि त्यावर डोस ठरवला.

याला प्रीफेज म्हणतात. जर्मन गटाने ही पद्धत वयस्कांमध्ये रुजवली, कारण त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यात जास्त धोका पहिल्या सायकलला असतो. आजार पूर्ण जोरात, माणूस पूर्ण खचलेला, आणि त्यात पहिलाच मारा. आधी पाच-सात दिवस स्टिरॉइड दिलं तर तो पहिला धक्का सौम्य होतो. तुमच्या बाबांसाठी डॉक्टरांना हा प्रश्न नक्की विचारा. मात्र स्वतःहून सुरू करू नका. बायोप्सीचे सगळे रिपोर्ट हातात आल्याशिवाय स्टिरॉइड दिलं तर गाठ विरते आणि निदानच हातातून जातं. शिवाय बाबांची साखर त्या आठवड्यात चारशेपर्यंत जाऊ शकते, त्याची तयारी आधी लागते.

आता गोळ्यांची पिशवी. हा माझा स्वतःचा धडा आहे. ७१ वर्षांचे एक गृहस्थ, दुसऱ्या सायकलपर्यंत उत्तम. तिसऱ्या सायकलनंतर पोट फुगलं, आठ दिवस शौचाला नाही, आणि पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी कळेना. विनक्रिस्टिनचा त्रास होताच, पण इतका का, ते समजेना. शेवटी त्यांच्या बायकोने पिशवी पलंगावर उलटी केली. त्यात इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल होत्या. जांघेतल्या नायट्यासाठी औषधाच्या दुकानातून आणलेल्या, केमोशी त्यांचा काही संबंध असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. इट्राकोनॅझोल यकृतात विनक्रिस्टिनचा निचरा अडवतं, त्यामुळे नेहमीचाच डोस अंगात कितीतरी जास्त झाला. ते गृहस्थ सावरले, पण पायांची बधिरता वर्षभर राहिली. मी पहिल्या दिवशी ‘कुठली औषधं घेता?’ असं विचारलं होतं. पिशवी उघडून पाहिली नव्हती. तेव्हापासून पहिल्या भेटीला घरातली सगळी औषधं आणायला सांगते: गोळ्या, काढे, चूर्णं, शेजाऱ्याने दिलेली पुडी, मलमसुद्धा. नायट्याच्या कॅप्सूल आपल्याकडे इतक्या सर्रास घेतल्या जातात की हे एकच सांगण्यासाठीही मी हे उत्तर लिहिलं असतं. आणि बायोप्सीआधी अंदाजाने टीबीची औषधं सुरू केली होती का, तेही डॉक्टरांना सांगा. मानेतल्या गाठीला हे आपल्याकडे फार वेळा होतं. त्यातलं रिफॅम्पिसिन इतर औषधांचा असर बदलतं, आणि यकृतावरही भार असतो.

कोणता त्रास कितव्या दिवशी, हे कॅलेंडरवर लिहून ठेवता येण्याइतकं ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी रिटुक्सिमॅब चालू असताना थंडी, ताप, बीपी उतरणं. ते हॉस्पिटलमध्येच होतं आणि ठिबक हळू केली की आवरतं. पहिले पाच दिवस स्टिरॉइडचे: साखर वर, झोप नाही, बडबड जास्त, भूक चांगली. घरचे खूश होतात. सहाव्या-सातव्या दिवशी स्टिरॉइड थांबलं की माणूस एकदम मिटतो, ‘मला आता काही नको’ म्हणतो. ही केमो न झेपल्याची खूण नाही, दोन-तीन दिवसांत जाते. याच सुमाराला बद्धकोष्ठ, ज्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच चालू हवं. आणि मग साधारण दहावा ते चौदावा दिवस, जेव्हा पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. वयस्क माणसाला खरा धोका इथे आहे. या दिवसांत आलेला ताप म्हणजे रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. १००.४ चा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. म्हाताऱ्या माणसात ताप न येताही जंतुसंसर्ग होतो. नुसतं गोंधळल्यासारखं बोलणं, थंडी वाजणं, लघवी कमी होणं हेही तापाच्या बरोबरीचं धरा. ६५ च्या पुढे आर-चॉप देताना पेशी वाढवणारं इंजेक्शन पहिल्या सायकलपासूनच द्यावं, यावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत आहे. ते केमोनंतर निदान २४ तासांनी देतात, त्यानंतर कंबर आणि हाडं दुखतात, आणि ते पहिल्यांदा चुकवून ‘बघू काउंट किती उतरतात ते’ असं करू नये.

हृदयाचं थोडक्यात. डॉक्सोरुबिसिनचा धोका एकूण साठलेल्या डोसवर वाढतो. पूर्ण सहा सायकलचा डोस ३०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर होतो आणि धोका झपाट्याने चढतो तो त्याच्या बराच पुढे, ४०० ते ५५० च्या भागात. बाबांचा इको चांगला आहे, त्यामुळे आज तरी अडसर नाही. जुना बीपी असल्याने मी मध्ये एकदा इको परत करून घेतला असता. आणि हेपॅटायटिस बी ची तपासणी झाली आहे का ते पाहा. त्यात एचबीएसएजी ही नेहमीची रक्ततपासणी एकटी पुरत नाही, जुना संसर्ग दाखवणारी कोअर अँटिबॉडीची तपासणीही लागते. जुना, झोपलेला विषाणू रिटुक्सिमॅबने जागा होतो, आणि तो आधी कळला तर गोळी देऊन हमखास टाळता येण्यासारखा त्रास आहे.

मग पूर्ण डोस की कमी? इथे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुमच्या बाबांना न पाहता मी निकाल देणार नाही. ८० च्या पुढच्यांसाठी फ्रेंच गटाने २०११ मध्ये ‘मिनी-चॉप’ मांडलं. डॉक्सोरुबिसिन निम्मं, सायक्लोफॉस्फामाइड ७५० ऐवजी ४००, विनक्रिस्टिन १ मिलिग्रॅम, रिटुक्सिमॅब मात्र पूर्ण. दोन वर्षांनी ५९ टक्के रुग्ण हयात होते. त्या अभ्यासात पुढचं भवितव्य ठरवणारी एकच गोष्ट ठळकपणे उरली, अल्ब्युमिन ३.५ किंवा त्याखाली असणं. बाबांचं ३.१ आहे, म्हणून त्यांच्या बाबतीत मी वजनाइतकीच नजर या आकड्यावर ठेवेन. ७० ते ८० च्या मधल्या माणसांत माझी पद्धत अशी: प्रीफेजनंतर जो उठून चालायला लागला, त्याला पूर्ण डोसच्या जवळ न्यायचा प्रयत्न करते, कारण बरं होण्याची संधी पहिल्याच उपचारात सगळ्यात मोठी असते. जो प्रीफेजनंतरही उठला नाही, त्याला पहिली सायकल मिनी देते आणि दुसरीला पुन्हा मोजते. पहिली सायकल कमी देऊन दुसरीत वाढवणं यात कमीपणा काही नाही. उलट पहिल्या सायकलला अतिदक्षता विभागात गेलेला माणूस दुसरीला येतच नाही, असं मी पाहिलं आहे.

या सगळ्या मोजमापाने खरंच फरक पडतो का? पडतो. रॉचेस्टर विद्यापीठातल्या डॉ. सुप्रिया मोहिले यांच्या गटाने २०२१ मध्ये ७० च्या पुढच्या ७१८ रुग्णांवरचा अभ्यास मांडला. सरासरी वय ७७, तुमच्या बाबांचंच. अर्ध्या डॉक्टरांना रुग्णाचं असं सविस्तर मोजमाप आणि त्यावरच्या सूचना दिल्या, अर्ध्यांना नाही. सूचना न मिळालेल्या बाजूला ७१ टक्के रुग्णांना गंभीर त्रास झाला, मिळालेल्या बाजूला ५१ टक्के. पडण्याचं प्रमाणही घटलं. मात्र ते सगळे पूर्ण बरे न होणाऱ्या अवस्थेतले कॅन्सर होते, बहुतेक इतर अवयवांचे, काही लिम्फोमाचे. तिथे डोस कमी करणं सोपं होतं. बाबांचा आजार बरा होऊ शकणारा आहे, तेव्हा त्यातून मी डोस कापण्याची घाई उचलणार नाही. दांडा, कान, पिशवी, प्रोटीन आणि पाय यांची काळजी उचलेन.

तर बाबांविषयी माझा अंदाज, तुम्ही दिलेल्या माहितीवर: उलट्यांचा त्रास फारसा होणार नाही, त्यावरची औषधं आता चांगली आहेत. साखर नक्की वाढेल. पहिल्या सायकलनंतर पेशी बऱ्याच उतरतील आणि तापाची शक्यता बरीच आहे. नसांचा त्रास तिसऱ्या-चौथ्या सायकलला सुरू होईल, आणि पडण्याची भीती खरी आहे. हृदयाची मला त्यामानाने कमी काळजी वाटते. यातली बरीचशी गोष्ट पुढच्या दहा दिवसांत बदलता येईल. दोन अंडी किंवा वाटीभर उसळ आणि दूध-पनीर रोज पोटात जाऊ दे, दिवसातून दहा वेळा खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम, कान, बाथरूम, आणि सगळ्या औषधांसकट पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर.

आणि त्यांना पहिल्या सायकलनंतर गावी पाठवू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी ते स्टिरॉइडच्या जोरावर म्हणतील, ‘मी ठणठणीत आहे, मला घरी सोडा.’ निदान पहिले २१ दिवस ते तुमच्याकडेच राहू देत. दहाव्या ते चौदाव्या रात्री त्यांच्या खोलीत कुणीतरी झोपा, थर्मामीटर उशाशी ठेवा, आणि हॉस्पिटलचा रात्री लागणारा नंबर आजच, दिवसाउजेडी, एकदा लावून पाहा.